गाडीला रॅप मारायचाय? मग आधी माल बघा, रंग नंतर

दुकानात माणूस येतो, मोबाईल पुढं करतो, त्यात मुंबईतल्या कुठल्यातरी गाडीचा फोटो, आणि विचारतो, "हे असंच पाहिजे, स्क्वेअर फुटाला किती पडंल?" मी बेळगावात बारा वर्षं रेडियमचं काम करतोय. आमच्याकडं गाडीवर कायपण चिकटवायचं असलं की ते रेडियमच, नंबर प्लेट असो, देवाचं नाव असो नाहीतर अख्खी गाडी गुंडाळायची असो. आणि या बारा वर्षांत "माल कुठला वापरता?" असं आधी विचारणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. खरं लांबलंय, चहा घेऊन बसा. (आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण', पुण्याच्या लोकांनी गोंधळ करून घेऊ नये.)

रॅपचं, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या फिल्मचं, मटेरियल म्हणजे व्हिनाईल, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक, इथवर सगळं एकच. फरक बनवण्यात आहे. एक असतंय कॅलेंडर. प्लास्टिकचा गोळा गरम रोलरांमधनं दाबत दाबत, ओढत ओढत पातळ करत नेतात, आई चपाती लाटते ना तसं. आता लाटणाऱ्या कुणालापण विचारा, कणीक मुरलेली नसली की लाटली तेवढी परत आकसते. कॅलेंडरचं अगदी तेच, ओढून पातळ केलेलं त्याच्या अंगात राहतंय आणि ऊन लागलं की ते आपल्या जुन्या आकाराकडं परत निघतंय. दुसरं असतंय कास्ट. त्यात पीव्हीसी पातळ करून सपाट कागदावर ओततात, तव्यावर डोशाचं पीठ पसरल्यासारखं, मग भट्टीतनं नेतात, पातळ करायला घातलेलं सॉल्व्हेंट (द्रावक) उडून जातंय आणि पातळ पापुद्रा शिल्लक राहतोय. ओढाताण झालेलीच नाही त्यामुळं परत आकसायला कारण नाही.

एवढी एक गोष्ट डोक्यात बसली तरी निम्मी फसवणूक टळली.

जाडीवरनं मालाची पारख करू नका हं. बाजारात सगळ्यात जास्त चालणारी थाप म्हणजे "हेवी माल आहे, शंभर मायक्रॉन". प्रिंटची कास्ट फिल्म साधारण 50 मायक्रॉनची असते (रंग बदलायची कास्ट त्याहून जाड असते), कॅलेंडर 70 ते 100. म्हणजे प्रिंटच्या मालात जे जाड ते स्वस्त, आणि जे पातळ तेच महाग. पातळ आहे म्हणूनच ते पत्र्याच्या घडीत, खोबणीत, आरशाच्या गोलाईवर जाऊन बसतंय. प्लास्टिकची पिशवी नाही ही, जाड घेतली म्हणजे जास्त टिकंल असं होत नाही.

कॅलेंडरमध्ये पण परत दोन जाती आहेत, मोनोमेरिक आणि पॉलिमेरिक. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, तो मोनोमेरिकमध्ये बारीक रेणूंचा असतो, उन्हात लवकर बाहेर निघून जातो, आणि मग फिल्म कडक होऊन पापडासारखी मोडते. पॉलिमेरिकमध्ये तो मोठ्या साखळीचा असतो, जास्त दिवस आत टिकतो. ढोबळ हिशेब असा धरा, मोनोमेरिक एक-दोन वर्षं, फार तर तीन, पॉलिमेरिक चार-पाच, आणि चांगलं कास्ट पाचाच्या पुढं. खरं कंपनीच्या कागदावर जी वर्षं लिहिलेली असतात ती उभ्या पत्र्याची असतात हे लक्षात ठेवा. बॉनेट आणि टप आडवे, सूर्य डोक्यावरनं सरळ भाजतोय, तिथं त्याच फिल्मचं आयुष्य बरंच कमी धरायचं, कंपन्या स्वतः पण तिथली गॅरंटी कमी देतात.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. धंदा नवीन होता, एका केटरिंगवाल्या काकांची ओम्नी आली, पूर्ण रॅप. माल देणाऱ्यानं (नाव घेत नाही) कास्ट म्हणून रोल दिला, रेट कास्टपेक्षा कमी, मी म्हटलं चला आपलं नशीब. बॉक्स नव्हता, मागच्या कागदावर कायपण छापलेलं नव्हतं, मी विचारलं पण नाही. ओम्नीच्या सरकत्या दाराला ती लांब खोबण असते बघा, त्यात हीट गन (गरम हवा सोडणारं मशीन) मारून मारून फिल्म बसवली, एकदम मस्त दिसली, काकांनी कुंदा आणला, फोटो काढले. एप्रिलमध्ये मारली होती. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काका परत आले, तोंडातनं एक शब्द नाही, नुसतं दाराकडं बोट. खोबणीतनं फिल्म उठून तंबूसारखी ताणलेली, खाली पोकळ, बोटानं दाबलं की ढबढब वाजत होती. आणि कडेला सगळीकडं दोन-दोन मिलिमीटर मूळ पांढरा पत्रा दिसत होता, जिथं मी फिल्म अगदी काठापर्यंत कापली होती. ती कापताना चूक झालेली नव्हती, फिल्म मागं सरकली होती. पदरचे पैसे घालून अख्खी गाडी नव्यानं गुंडाळून दिली.

त्या दिवसापासनं कुठलापण नवीन रोल आला की मी फुलीची टेस्ट करतो, तुम्ही पण करू शकता, पैसे लागत नाहीत. दुकानदाराकडनं वीतभर तुकडा मागून घ्या. स्वच्छ पुसलेल्या रंगवलेल्या पत्र्यावर नाहीतर गाडीच्या जुन्या दारावर चिकटवा, नीट घासून बसवा. मग ब्लेडनं मधोमध एक फुली मारा, फिल्म कापंल एवढीच, पत्र्याला ओरखडा नको. आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवा. कास्ट असंल तर फुली केसासारखीच राहते, नखानं चाचपून शोधावी लागते. कॅलेंडर असंल तर फुलीच्या फटी उघडतात, आणि एका दिशेला जास्त उघडतात, कारण रोल ज्या बाजूनं ओढला गेला होता त्या बाजूनंच तो जास्त आकसतोय. मोनोमेरिकला तर फट लांबनं दिसते. घाईत असाल तर उन्हाऐवजी हीट गन मारा, खरं उन्हाचा निकाल जास्त इमानदार.

दुसरं म्हणजे बॉक्स आणि मागचा कागद. चांगल्या कंपनीच्या लायनरवर, म्हणजे या मागच्या कागदावर, नाव छापलेलं असतंय, बॉक्सवर प्रॉडक्टचा नंबर आणि लॉट असतोय. हा नंबर महत्त्वाचा, कंपनीचं नाव नाही, कारण एकच कंपनी दोन्ही जातीचा माल बनवते. थ्री एमचं 2080 हे रंग बदलायचं कास्ट, आयजे 180 हे प्रिंटचं कास्ट. एव्हरी डेनिसनचं सुप्रीम रॅपिंग फिल्म पण कास्ट. ओराफोलचं 970 आरए कास्ट, खरं त्याच कंपनीचं 651 हे कॅलेंडर, अक्षरं कापायला झकास, त्यानं गाडी गुंडाळायची नसते. "ओराफोल मारलंय" म्हणून कोण सांगितलं तर "नंबर कुठला ओ?" एवढंच विचारा, समोरच्याचा चेहरा बघा.

मग प्रत्येकानं कास्टच घ्यावं काय? अजिबात नाही. दोन-तीन पट पैसे जातात, उगाच कशाला.

ठरवायचं ते गाडीच्या अंगावरनं. छोट्या हत्तीला नाहीतर बोलेरो पिकअपला मागं जी बंद पेटी करून घेतात तिचा पत्रा सपाट, त्याला पॉलिमेरिक कॅलेंडर पुरेसं, पाव-बिस्किटवाले, दूधवाले, पाण्याचे जारवाले, सगळ्यांना मी तेच देतो. पुढच्या केबिनला मात्र गोलाई आहे, तिथं कास्ट. एकाच गाडीला दोन माल चालतात, फक्त प्रिंट करताना शेड जुळवून घ्यायला लागते. पेटीवर रिव्हेट असतील तर थांबा. रिव्हेटच्या टोप्यांवर कॅलेंडर बसवलं की प्रत्येक टोपीभोवती पांढरी रिंग उठते, तिथं पाणी शिरतंय, मग मळ, मग काळी वर्तुळं, अख्खी पेटी देवीचे व्रण आल्यासारखी दिसते. रिव्हेट जास्त असतील तर कास्ट घ्या नाहीतर डिझाईनच असं करा की रिव्हेटची ओळ बाहेर राहील. दुसरा मार्ग फुकटात होतो, मी तोच सुचवतो.

कारला पूर्ण रंग बदलायचा असंल तर मात्र कास्टशिवाय बोलूच नका. आरसे, दाराची हँडल, बंपरचे कोपरे, तिथं कॅलेंडर म्हणजे महिन्या-दोन महिन्यांचा पाहुणा. आणि खोबणीत बसवल्यावर पोस्ट हीट झालं पाहिजे, म्हणजे ओढलेल्या जागी फिल्म 90 डिग्रीच्या वर तापवून तिला नवीन आकार पक्का करून द्यायचा, तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. ज्याच्याकडं तो नाही त्याच्याकडं आरसा देऊ नका. बंपरचं ते काळं खरबरीत प्लास्टिक तसंच सोडा, त्याला साधा गोंद धरत नाही.

आणि शिवजयंतीच्या चित्ररथाला, गणपतीच्या टेंपोला, निवडणुकीच्या प्रचाराच्या गाडीला मोनोमेरिक घ्या, बिनधास्त. आठ-पंधरा दिवसांचा खेळ. फक्त कार्यक्रम झाला की काढायचं, तिथं लोक फसतात. दोन उन्हाळे तसंच राहिलं की ते फिल्म म्हणून निघत नाही, नखाएवढे तुकडे निघतात, आणि गोंद सगळा पत्र्यावर. परवाच निपाणीच्या बाजूची एक गाडी आली होती, तीन वर्षांपूर्वीचा प्रचार अंगावर घेऊन फिरत होती, उमेदवार विसरला असंल, गाडीवाला विसरला नाही. दोन पोरं दीड दिवस खरवडत होती.

आमच्या भागाचं हवामान पण हिशेबात धरा. जिल्हा एकच खरं खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पाऊस कोसळतोय आणि अथणीकडं ऊन भाजून काढतंय. अथणी, रायबागकडची गाडी असंल तर काळा, गडद निळा असले रंग टपावर नकोत, आणि आकसणारा माल तर नकोच. रोज पहाटे भाजी घेऊन चोर्ला घाटातनं गोव्याला जाणारी पिकअप असंल तर पाणी हाच वैरी. तिथं गोंद बघा. स्वस्त फिल्मना पाण्यावर बनलेला गोंद असतोय, तो सतत ओला राहिला की पांढरा पडतोय आणि काठापासनं सुटतोय. सॉल्व्हेंट बेसचा गोंद घ्या. शिवाय अशा गाडीला मी फिल्म दाराच्या खालच्या काठापर्यंत नेतच नाही, चार बोटं वरच थांबवतो, कारण खाली चाकाचा चिखल आणि खडी मारतेच मारते. गिऱ्हाईक म्हणतंय "अण्णा, पट्टी राहिली की खाली", मी म्हणतो राहू दे, ती पट्टी तुमची वर्षं वाढवते.

गोंदाचा विषय निघालाच आहे तर एअर रिलीजचं सांगतो. चांगल्या फिल्मच्या गोंदात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक नाल्या असतात, हवा त्यातनं बाहेर जाते, बबल राहत नाही. आता आमच्यातल्या जुन्या कारागिरांना सवय शाम्पूच्या पाण्याची, पाणी मारायचं, सरकवायचं, घासायचं. साध्या स्टिकरला ठीक आहे. एअर रिलीजच्या फिल्मला पाणी लावलं की त्या नाल्याच भरून बसतात, महागाचा माल घेऊन स्वस्ताचा करून टाकला. ती कोरडीच मारायची. तुमच्या समोर कोण स्प्रेची बाटली घेऊन आला तर हात धरा.

गडद रंगाची गाडी असंल किंवा आधी दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलेलं असंल तर मागून करडा असलेला, म्हणजे ग्रे ग्लूचा माल मागा. साध्या पांढऱ्या फिल्ममधनं खालचं दिसतंय. एका गाडीवर नवीन मालकाच्या बेकरीच्या नावाखालनं जुन्या मालकाचा "चिकन सेंटर" दिसत होता, शाकाहारी बेकरी होती ती.

प्रिंट करून मारणार असाल तर वरनं लॅमिनेशन पाहिजेच, नाहीतर शाई उन्हानं फिकी पडते आणि पुसताना ओरखडे पडतात. नियम एकच, खाली कास्ट तर वर कास्ट, खाली पॉलिमेरिक तर वर पॉलिमेरिक. खाली कास्ट घालून वर स्वस्त लॅमिनेशन मारलं की वरचं आकसतंय आणि खालच्याला पण घेऊन वळतंय, काठ गुंडाळी होऊन वर येतात. बिलात कास्ट लिहिलेलं असतंय, खोटं पण नसतंय, आणि तरी गाडी खराब होते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. आणि सॉल्व्हेंट, इको सॉल्व्हेंट शाईचं प्रिंट झाल्या झाल्या लॅमिनेट करायचं नसतंय. निदान 24 तास, बरं म्हणजे 48 तास, ते पण रोल घट्ट न गुंडाळता सैल ठेवून वाळवायचं. पावसाळ्यात मी आणखी एक दिवस ठेवतो आणि मग नाकाला लावून बघतो, सॉल्व्हेंटचा वास आला की परत ठेवतो. "सकाळी डिझाईन, संध्याकाळी गाडी" असं कोण म्हणत असंल तर तो माणूस शाईतलं सॉल्व्हेंट तुमच्या फिल्ममध्येच कोंबून देतोय, आणि ते सॉल्व्हेंट गोंदाला मऊ करतंय.

अक्षरांचं एक. आमच्याकडं वर कन्नड, खाली मराठी, मधी कुठंतरी इंग्लिश फोन नंबर असं असतंयच. मराठी अक्षर कापायला सोपं, शिरोरेषेनं सगळं एकत्र धरलेलं असतंय, एक टोक धरलं की अख्खा शब्द हातात. कन्नडला प्रत्येक अक्षर सुटं, वर वळण, खाली ओत्तक्षराचा (जोडाक्षरातल्या खालच्या अक्षराचा) छोटा तुकडा वेगळा, जादाचा माल सोलून काढताना तो नेमका उडून जातो आणि सोललेल्या मालाच्या गोंदाला चिकटून बसतो. म्हणून इंचाच्या आतली कन्नड अक्षरं कापून लावण्यापेक्षा प्रिंट करून घ्या. मोठी अक्षरं असतील तर 70 मायक्रॉनचं पॉलिमेरिक, कास्ट तिथं उगाच लुळं पडतंय.

आता गाडीचा स्वतःचा पेंट. हे मालाएवढंच महत्त्वाचं आणि कोण बोलत नाही. कंपनीचा ओव्हन पेंट असंल तर प्रश्न नाही. डेंटिंग-पेंटिंग झालेली गाडी असंल, पुट्टीवर प्राइमर न मारता रंग मारलेला असंल, तर उद्या रॅप काढताना रंग पण सोबत येणार. आधी आडबाजूला घट्ट टेप लावा, झटक्यानं ओढा, टेपला रंग लागला तर रॅप विसरा, आधी पेंटिंग. ताजा रंग मारलेला असंल तर निदान तीन-चार आठवडे थांबा, रंगातनं वास बाहेर पडत असतोय, तो फिल्मखाली अडकला की फोड येतात. पेटीला ब्रशनं ऑइल पेंट मारलेला असंल तर त्याहून जास्त. आणि चिकटवायच्या आधी साबणानं धुवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं पाहिजे, विशेष करून डॅशबोर्डच्या पॉलिशनं चमकवलेल्या गाड्या, त्यात सिलिकॉन असतंय, त्यावर काहीच धरत नाही.

कायद्याचं थोडक्यात. पूर्ण रंग बदलला तर आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग वेगळा होतोय, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तिथं लागतंय, त्यामुळं आरटीओत आधी विचारून नोंद करून घ्या. बेळगावची केए 22 असो, चिक्कोडीची केए 23 असो, आणि कोल्हापूर-गोव्याला जाणं येणं असलं की नाक्यावर कोण ना कोण विचारतंयच. काचेवर भोकाभोकांची वन वे व्हिजन फिल्म (बाहेरनं चित्र दिसतंय, आतनं बाहेरचं दिसतंय ती) मारा म्हणून लोक मागं लागतात. पुढच्या-मागच्या काचेतनं 70 टक्के आणि बाजूच्या काचेतनं 50 टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, 2012 साली सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हापासनं पोलीस काचेकडंच आधी बघतात. मी रॅप पत्र्यापुरताच ठेवतो. मालाच्या गाडीला पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल अशी चमकणारी टेप असते ती झाकायची नाही, डिझाईन कितीपण सुंदर असो. ऊसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर ट्रॉली उभी असते तेव्हा ती टेपच दिसते, बाकी कायपण दिसत नाही.

माप घेताना रोलची रुंदी आधी लक्षात घ्या, ती जास्तीत जास्त साधारण 1.52 मीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट, आणि प्रिंटरला दोन्ही बाजूला मार्जिन सुटतंय. सात फूट लांब आणि पाच फूट उंच पेटी असंल तर दोन बाजू मिळून 70 चौरस फूट, मागचं दार पाच बाय पाच धरून 25, झाले 95, वर वेस्टेज धरून 110 च्या आसपास. खरं उंची पूर्ण पाच फूट असंल तर एका तुकड्यात बसत नाही, जॉईंट येतोय. तो टाळायला वर-खाली मूळ रंगाची पट्टी सोडायची. जॉईंट घ्यायचाच असंल तर वरचा तुकडा खालच्यावर, कौलासारखा, आणि पुढचा मागच्यावर, म्हणजे पाणी आणि वारा त्यात शिरत नाहीत. कारला लहान हॅचबॅक असंल तर 15 मीटरच्या पुढं, मोठी एसयूव्ही असंल तर 20 च्या पुढं रोल लागतोय. कुणी इर्टिगाला 12 मीटरमध्ये करतो म्हणाला तर तो कुठं कुठं तुकडे जोडणार आहे ते आधीच विचारून घ्या.

पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, वेगळं, ते टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकचं असतंय, बहुतेक पारदर्शक, जाड, पेंट वाचवायला. रंग बदलणं हे त्याचं मुख्य काम नाही. दोन्ही एकच समजून दर तोलू नका.

आणि काम झाल्यावर उरलेला तुकडा मागून घ्या, तो तुमच्याच पैशाचा आहे. मीटरभर तरी. बॉक्सवरचं लॉट नंबरचं लेबल फाडून त्याला चिकटवा, रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा आणि कपाटात आडवा ठेवा, उन्हात नाही. सहा महिन्यांनी खडेबाजारच्या गर्दीत कुणी दारावर हँडल घासून गेला की नवीन लॉटची शेड जुळत नाही, त्या वेळी तोच तुकडा घेऊन माझ्याकडं या.